वृंदगान आणि दिग्दर्शकाचे कार्य : मुंबई, कोलकाता व मद्रास येथील 'यूथ क्वायर'च्या संदर्भात

प्रास्ताविक

भारतीय संगीताविषयीचे आपले लेखन प्रामुख्याने एकल गायकाभोवती फिरत आले आहे. घराणे, गुरुपरंपरा, गायकी, बंदिशीची मांडणी या सर्व संकल्पना एका कंठाला केंद्रस्थानी ठेवूनच विकसित झाल्या. समूहाने गायिलेल्या संगीताचा विचार झाला तो भक्तिसंप्रदाय, शाहिरी किंवा राष्ट्रीय चळवळ यांच्या अनुषंगाने. ते संगीत म्हणून कसे घडले, ते कोणी बसविले आणि बसविताना कोणत्या अडचणी सोडविल्या, हे प्रश्न मागेच राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई, कोलकाता आणि मद्रास या तीन शहरांत उभी राहिलेली 'यूथ क्वायर' नावाची गायकवृंदे हे या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. या वृंदांतील बहुतेक गायक हौशी होते. ते भिन्न भाषांचे, जातिधर्मांचे होते आणि एकाच कार्यक्रमात अनेक प्रांतांची गीते गात होते. त्यांना घडविणारे सलिल चौधरी (निधन 1995), रुमा गुहा ठाकुरता (1934–2019) आणि एम. बी. श्रीनिवासन (1925–1988) हे तिघेही दिग्दर्शक आज आपल्यात नाहीत.

या तिघांचे मूल्यमापन करताना त्यांच्या गाजलेल्या रचनांची मोजदाद करण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात वेगळा निकष वापरला आहे. दिग्दर्शक दूर झाल्यानंतर सामान्य गायकाच्या हाती काय उरते, हा तो निकष. तो लावला असता या तिघांची रूढ क्रमवारी बरीच बदलते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

'वृंद' : एक जुनी संकल्पना

समूहगान ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे, असा एक समज अभ्यासकांतही आढळतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्यात उत्तम वृंदाचे प्रमाण दिले आहे. चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार वंशीवादक आणि चार मृदंगवादक असा हा बत्तीस जणांचा वृंद आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वृंदाचे गुण तेथे सांगितले आहेत. मुख्य गायकाला अनुसरणे, आवाजांचे मिलन, तालाचे अनुसरण, तिन्ही स्थानांत संचार करण्याची शक्ती आणि ध्वनीचे सारखेपण यांबरोबरच एकमेकांच्या तुटलेल्या जागा सांभाळून घेणे हाही एक गुण मानला आहे. आजचा कोणताही क्वायर-दिग्दर्शक आपल्या गायकांना एकाच वेळी श्वास घेऊ नका, शेजाऱ्याचा श्वास तुटला की तुम्ही स्वर धरून ठेवा, असे शिकवितो. शार्ङ्गदेवाला हे तंत्र ठाऊक होते, असेच म्हणावे लागते.

मात्र या गुणांत पहिले स्थान मुख्य गायकाच्या अनुसरणाला आहे, ही बाब नजरेआड करता येत नाही. आपल्याकडील जिवंत समूहपरंपरांतही हेच दिसते. पोवाड्यात शाहीर कडवे म्हणतो आणि झीलकरी त्याची झील धरतात. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा अभंगाचे चरण आळीपाळीने उचलतात, तेथे संवाद आहे. पण ओळ एकच असते. झीलकऱ्याला स्वतःची अशी स्वतंत्र स्वररेषा नसते. तो मोठ्या आवाजाचा एक अंश असतो. यात काही कमीपणा नाही, या परंपरांचे सामर्थ्य त्यातच आहे. परंतु यूथ क्वायरच्या दिग्दर्शकांनी नेमका कोणता बदल घडविला, हे समजण्यासाठी हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

अल्मोडा ते अंधेरी

25 मे 1943 रोजी मुंबईत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे 'इप्टा'ची, स्थापना झाली. बंगालच्या दुष्काळाची वार्ता गाण्यांतून देशभर नेणारे विनय रॉय यांचे पथक याच काळातले. पुढे संघाचे मध्यवर्ती पथक अंधेरी येथे एकत्र राहून काम करू लागले. शांती बर्धन, अवनी दासगुप्ता यांसारखे या पथकातील काही प्रमुख कलावंत उदयशंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रातून आले होते. उदयशंकरांचे धाकटे बंधू रविशंकर यांनी 1945 च्या सुमारास येथे संगीत दिग्दर्शन केले. इक्बाल यांच्या 'तराना-ए-हिंदी'ची आज सर्वत्र गायिली जाणारी चाल याच वास्तव्यात बांधली गेली. पूर्वीची चाल संथ आणि काहीशी खिन्न वाटत होती, असे रविशंकरांनी नमूद केले आहे. त्यांची नवी चाल शाळकरी मुलालाही पेलते, हे सात दशकांहून अधिक काळाच्या वापराने सिद्ध झाले आहे.

या पथकाच्या प्रभावळीत महाराष्ट्राचे अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे होते. त्यामुळे पोवाड्याची झील, बंगालची लोकगीते आणि उत्तरेकडील तराणे एकाच शहरात, एकाच चळवळीत एकत्र आले. मध्यवर्ती पथक अल्पायुषी ठरले. राजकीय नियंत्रण आणि कलात्मक स्वातंत्र्य यांतील ताण हे त्याचे एक कारण, आणि रविशंकरांनी पथक सोडले तेही त्यातूनच. पण सलिल चौधरी आणि श्रीनिवासन हे दोघेही याच चळवळीचे, तर रुमा गुहा ठाकुरता यांचे बालपणीचे नृत्यशिक्षण अल्मोड्याच्या त्याच केंद्रात झालेले. तेव्हा तिन्ही यूथ क्वायरचे मूळ एका घरात शोधता येते. सलिल चौधरींच्या मुंबईतील क्वायरला देशातील पहिले धर्मनिरपेक्ष क्वायर म्हणण्याचा प्रघात आहे. अंधेरीचे पथक जमेस धरले तर हा दावा सैल वाटू लागतो.

सलिल चौधरी : स्वरमेळाचा प्रश्न

सलिल चौधरी यांचे बालपण आसामच्या चहामळ्यांत गेले. तेथे डॉक्टर असलेल्या वडिलांकडे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्या होत्या. पुढे बंगालमधील शेतकरी आंदोलनात त्यांनी गाणी रचली, आणि 'दो बिघा जमीन' (1953) या चित्रपटाच्या निमित्ताने ते मुंबईत आले. 1950 च्या दशकात त्यांनी बॉम्बे यूथ क्वायरची स्थापना केली. लोकगीत आणि आंदोलनगीत यांना अनेक स्वररेषांत बांधण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. चित्रपटसंगीताच्या इतिहासात त्यांचे नाव 'मधुमती' (1958) मुळे कायम राहिले. क्वायर मात्र त्यांच्या चरित्रात दोनचार ओळींपुरते उरते.

या प्रयोगावर घेतला जाणारा आक्षेप परिचित आहे. राग हा आधारषड्जाच्या संदर्भात क्रमाने उलगडतो. एकाच वेळी निरनिराळे स्वर लावल्यास त्याचे चलन दुभंगते, आंदोलित गांधार चाळीस कंठांतून एकसारखा निघू शकत नाही आणि मींडेची जागा सपाट होते. हा आक्षेप रागसंगीतापुरता खरा आहे. सलिल चौधरींनी वृंदासाठी मुख्यतः लोकधुना आणि स्वरचित गीते निवडली, याचे कारण बहुधा हेच असावे.

परंतु या वादात एक अगदी व्यावहारिक बाब सुटून जाते. आपल्याकडे पुरुष गायक सामान्यतः काळी एक किंवा काळी दोन या पट्टीत गातात, तर स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचमध्ये. मुलगे आणि मुली यांना एकत्र उभे करून काळी एकचा षड्ज दिला, तर मुलींचा आवाज एक तर खर्जात बुडतो किंवा तारसप्तकाकडे ताणला जातो. काळी चार दिली तर मुलग्यांची तीच गत होते. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतील ईशस्तवन आणि स्वागतगीत हे प्राध्यापकवर्गाला वर्षानुवर्षे ऐकावे लागते. त्यात अर्धा वृंद ओठ हलवीत असतो, तो आळसामुळे नव्हे. त्या पट्टीत त्याला आवाजच नसतो. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशी विभागणी झाली की प्रत्येकाला आपल्या नैसर्गिक क्षेत्रात गाता येते. तेव्हा स्वरमेळ हा भारतीय गीतावर चढविलेला विलायती साज आहे, असे मानणे अपुरे ठरते. जो आवाज एकस्वरी गायनात गप्प बसतो त्याला ओळ देण्याची ती व्यवस्था आहे. सलिल चौधरींच्या सांगीतिक निर्णयाला त्यांच्या सामाजिक भूमिकेशी जोडणारा दुवा मला येथे दिसतो. शेतकऱ्याची बाजू घेणाऱ्या संगीतकाराला झीलकऱ्यासाठी स्वतंत्र स्वररेषा लिहावीशी वाटली, ही सुसंगती दुर्लक्षणीय नाही.

तरीही बॉम्बे यूथ क्वायर कोलकात्याच्या क्वायरइतके दीर्घायुषी ठरले नाही. त्यामागील एक कारण रचनापद्धतीतच असावे. पलुसकर आणि भातखंडे यांच्या स्वरलिपी एका स्वररेषेसाठी घडविलेल्या आहेत. एकाच मात्रेवर चार आवाज काय करतात हे दाखविण्याची सोय त्यांत मुळात नाही. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन हौशी गायकाला वाचता येत नाही. परिणामी बहुस्वरी रचना कानाने शिकाव्या लागतात आणि त्यांचा पूर्ण आराखडा रचनाकाराच्या डोक्यात राहतो. रचनाकार जितका प्रतिभावान, तितके त्याच्यावाचून वृंदाचे अडणे अधिक. सलिल चौधरी एकाच वेळी हिंदी, बंगाली आणि पुढे 'चेम्मीन'पासून (1965) मल्याळी चित्रपटांत व्यग्र होते. अशा दिग्दर्शकाच्या क्वायरला दुसरा दिग्दर्शक मिळणे दुरापास्तच होते.

रुमा गुहा ठाकुरता : रचनाकार नसलेली दिग्दर्शिका

1958 मध्ये कोलकाता यूथ क्वायरची स्थापना झाली. सलिल चौधरी आणि सत्यजित राय यांचा त्यात सहभाग होता. पण संस्था चालविली रुमा गुहा ठाकुरता यांनी. त्यांच्याविषयीचे लेखन वाचताना एक गोष्ट खटकते. त्यांचा परिचय प्रथम किशोर कुमार यांची पहिली पत्नी, मग अमित कुमार यांची आई, मग राय यांच्या 'गणशत्रू'तील अभिनेत्री असा करून दिला जातो आणि क्वायर शेवटी येते. साठ वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या संस्थेच्या दिग्दर्शिकेची ही ओळख न्याय्य नाही.

रचनाकार म्हणून त्यांची ख्याती नाही. रूढ समीक्षेला ही उणीव वाटेल. मला तेच त्यांच्या दीर्घ यशाचे कारण वाटते. स्वतःच्या रचना पुढे आणायच्या नसल्यामुळे त्यांना इतरांच्या रचना निवडाव्या लागल्या. त्यामुळे वृंदाचा गीतसंग्रह एका माणसाच्या शैलीत अडकला नाही. अल्मोड्याच्या संस्कारामुळे गाण्याला नृत्याची जोड मिळाली. 1974 मध्ये कोपनहेगन येथील युवा महोत्सवात या क्वायरला पहिले पारितोषिक मिळाले, ते लोकगीत आणि लोकनृत्य यांसाठी.

मुंबईतच या घटनेला एक समांतर उदाहरण आहे. आकाशवाणीत अधिकारपदी राहिलेले व्हिक्टर परांज्योती यांनी 1956 मध्ये मुंबईत क्वायर स्थापन केले. त्याचा पाया पाश्चात्त्य वृंदसंगीताचा होता. 1967 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कूमी वाडिया यांनी ते हाती घेतले, पुढील अनेक दशके चालविले आणि देशोदेशी नेले. क्वायरचे नाव मात्र परांज्योती अकॅडमी कोरस हेच राहिले. संस्थापक पुरुष आणि संस्था टिकविणारी स्त्री यांच्या श्रेयाची वाटणी कशी होते, याचा अभ्यास संगीताच्या क्षेत्रातही व्हावयास हवा.

कोलकाता क्वायरच्या गीतनिवडीविषयी एक टीका मात्र केली पाहिजे. त्यांच्या सर्वांत लोकप्रिय गीतांपैकी एक म्हणजे भूपेन हजारिका यांच्या 'बिस्तीर्ण पाररे'चे बंगाली रूप. हजारिका कोलंबिया विद्यापीठात संशोधन करीत असताना पॉल रोबसन यांच्या सहवासात आले. मिसिसिपी नदीला उद्देशून रोबसन गात असलेल्या 'ओल मॅन रिव्हर' या गीताच्या प्रेरणेतून त्यांनी असमिया गीत लिहिले. त्यात संबोधन आहे लुइतला, म्हणजे ब्रह्मपुत्रेला. बंगाली आणि हिंदी रूपांत लुइतच्या जागी गंगा आली. नदी बदलली की तीरावरची माणसेही बदलतात. गंगेला जाब विचारण्यात जो पौराणिक भार आहे तो लुइतमध्ये नाही, आणि लुइतमध्ये असलेले आसामचे एकाकीपण गंगेत उरत नाही. भाषांतरामुळे गीत लाखो कंठांत पोहोचले, हे मान्यच आहे. पण बहुसांस्कृतिक वृंदाने दुसऱ्याचे गीत आपल्या भाषेत आणून गावे की आपला कंठ दुसऱ्याच्या भाषेकडे न्यावा, हा प्रश्न येथे उभा राहतो. कोलकात्याने या गीतापुरता पहिला मार्ग पत्करला.

एम. बी. श्रीनिवासन : शिक्षक-दिग्दर्शक

दुसरा मार्ग मद्रासला दिसतो. श्रीनिवासन हे कर्नाटक संगीताचा संस्कार लाभलेले, साम्यवादी विचारांचे संगीतकार होते. सैफुद्दीन किचलू यांच्या कन्या जाहिदा या त्यांच्या पत्नी. मद्रासच्या चित्रपटवादकांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. 1961 मध्ये 'काल्पाडुकळ' या मल्याळी चित्रपटासाठी त्यांनी तरुण येसुदास यांच्याकडून नारायण गुरूंच्या जातिभेदविरोधी ओळी गाऊन घेतल्या, आणि तेच येसुदासांचे पहिले ध्वनिमुद्रण. 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मद्रास यूथ क्वायर उभे केले. सुब्रह्मण्य भारती यांच्या कवितांना वृंदरूप देणे हे त्यातील एक प्रमुख कार्य.

श्रीनिवासन यांचे वेगळेपण आहे ते शिकविण्यात. केवळ निवडक गायकांच्या वृंदावर ते थांबले नाहीत. 1980 च्या दशकात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शाळांसाठी सामुदायिक गायनाचा कार्यक्रम हाती घेतला, त्यातही ते सहभागी होते. निरनिराळ्या भारतीय भाषांतील गीते त्या त्या भाषेतच मुलांना शिकवायची आणि त्यासाठी आधी शिक्षकांना तयार करायचे, असे त्याचे स्वरूप होते. शिक्षक संगीतज्ञ असेलच असे नाही, हे गृहीत धरल्यावर रचनेवर आपोआप मर्यादा येतात. स्वरांचा विस्तार आटोक्यात ठेवावा लागतो, दुसरी स्वररेषा सोपी आणि पहिलीपासून सहज वेगळी ओळखता येणारी असावी लागते. या मर्यादेत काम करण्यासाठी वेगळी प्रतिभा लागते, आणि समीक्षेने तिची दखल फारशी घेतलेली नाही.

परभाषेतील गायनाची अडचण मराठी वाचकाला सहज कळण्यासारखी आहे. 'तमिळ' या नावातीलच अंत्य वर्ण आपण देवनागरीत 'ळ' असा लिहितो आणि तसाच उच्चारतो. तमिळ भाषेत 'ळ' निराळा आणि हा वर्ण निराळा. बंगालीतील अंगभूत स्वर देवनागरीत लिहिलेल्या 'अ'ने दाखविता येत नाही. उलट मराठीतील 'चमचा' आणि 'चहा' यांतील दोन प्रकारचे 'च' अमराठी गायकाला कागदावर दिसतच नाहीत. म्हणजे लिपी पुरेशी नसते, कोणीतरी तोंडाने शिकवावे लागते आणि शिकणाऱ्याने त्या भाषेच्या माणसाचे ऐकावे लागते. मला वाटते, वृंदाची बहुसांस्कृतिकता खऱ्या अर्थाने तालमीत घडते. निरनिराळ्या राज्यांचे पोशाख घालून एकापाठोपाठ एक प्रांताची गीते सादर केली की 'विविधतेत एकता' साधली, असा समज शासकीय कार्यक्रमांनी रूढ केला. त्यात दुसऱ्याच्या भाषेपुढे स्वतः चुकण्याचा, अडखळण्याचा भाग गळून जातो.

श्रीनिवासन यांचे 9 मार्च 1988 रोजी लक्षद्वीप येथे निधन झाले. त्यानंतरही मद्रास यूथ क्वायर त्यांच्या गायकांनी चालू ठेवले. मी आरंभी मांडलेल्या निकषावर ते आणि रुमा गुहा ठाकुरता हे दोघे, रचनेच्या झेपेत सलिल चौधरींच्या मागे असूनही, दिग्दर्शक म्हणून पुढे ठरतात.

महाविद्यालयीन समूहगीत

या चर्चेचा आपल्या कार्यक्षेत्राशी थेट संबंध आहे. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवात आणि त्याच्या धर्तीवर होणाऱ्या विद्यापीठीय स्पर्धांत समूहगीताचे 'भारतीय' आणि 'पाश्चात्त्य' असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. प्रत्येकी सहा गायकांची मर्यादा आहे. या विभागणीमुळे असा संकेत रूढ झाला आहे की स्वरमेळ पाश्चात्त्य गटाने करावा आणि भारतीय गटाने एका सुरात गावे. जी भिंत ओलांडण्यासाठी या तीन दिग्दर्शकांनी आयुष्य वेचले, ती आपण नियमात बांधून ठेवली आहे. भारतीय गटात दुसरी स्वररेषा आणण्यास नियम आडवा येत नाही. आडवी येते ती परीक्षकांची अपेक्षा आणि मार्गदर्शक प्राध्यापकांची धास्ती.

परांज्योती यांची 'द्रविडियन डिथिरॅम्ब' ही रचना जगभरची क्वायर गातात. तिला शब्द नाहीत, केवळ अक्षरोच्चार आहेत. चलन भारतीय वळणाचे आणि बांधणी अनेक आवाजांची आहे. एखाद्या महाविद्यालयाने ती उद्या स्पर्धेत उतरविली, तर कोणत्या गटात प्रवेशिका भरावी हे सांस्कृतिक समितीला सांगता येणार नाही. ती सहा जणांत पेलणारही नाही. पण सहा जणांत तीन मुली आणि तीन मुलगे घेऊन, काळी एक आणि काळी चार या दोन पट्ट्यांच्या दरम्यानचा एक षड्ज निवडून, एखाद्या ओवीला किंवा कोळीगीताला दोन स्वररेषा देणे कोणत्याही संगीत विभागाला शक्य आहे. त्यासाठी हार्मोनियम आणि आठवड्यातील दोन तालमी पुरतात.